लख्खोबाचं विमान

लख्खोबा हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते ठेवलं शीतगृहातल्या फिटरांनी, आणि तेही त्याच्या पाठीमागे. तिथं तो कॉम्प्रेसर सांभाळायचा. बटाटे, सफरचंदं, मासळी, लोक जे काय गार ठेवायला आणतील ते ठेवणारी मोठमोठी दालनं, आणि त्यांच्या मागच्या लांबट खोलीत धडधडणारी यंत्रं. दुसऱ्या कुणाची पाळी असली की त्या खोलीत पाय घसरायचा. लख्खोबाची पाळी असली की फरशीवर खुशाल ताट मांडून जेवावं. तेलाचा एक थेंब दिसला की हा फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलाच. बरं, नुसतं पुसून थांबेल तर शपथ. थेंब आला कुठून ते शोधायचा, आणि ते भोक बुजवल्याशिवाय घरी जायचा नाही.

खरं म्हणजे यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्या नळ्यांमधून अमोनिया फिरायचा, छातीत गेला तर जीव घेणारा वायू. लख्खोबा नोकरीत नवा होता तेव्हा एका नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं, ते कुणी मनावर घेतलं नाही, आणि आठवडाभरात ती नळी फाटली. आत अडकलेली माणसं बाहेर काढायला लख्खोबाही होता. त्या दिवसापासून भोक म्हणजे वैरी, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. निवृत्त होईपर्यंत त्याच्या पाळीत एकही नळी गळली नाही. हे त्याचं मोठेपण होतं, आणि ते त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये.

पण माणूस कामावरची शिस्त कामावर ठेवून येत नाही. घरीही तेच. बाप लवकर गेला, आई अंथरुणाला खिळलेली, आणि धाकटा भाऊ तेव्हा पाटी-दप्तराच्या वयाचा. लख्खोबानंच त्याला वाढवला. कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. तो फक्त अबोला धरायचा. शर्टावर शाई सांडली, अबोला. चप्पल उंबऱ्याच्या आत आली, अबोला. दोन-दोन दिवस हा माणूस भिंतीशी बोलेल, पण तुमच्याशी बोलणार नाही. ताटात वाढेल, फी भरेल, तापात रात्रभर उशाशी बसेल, आणि तोंडातून शब्द काढणार नाही. मार परवडला, असं धाकटा पुढं बायकोला सांगायचा. शाळेतून येताना तो कोपऱ्यावरच्या नळाशी थांबून शर्ट धुवायचा आणि ओल्या अंगानं घरी यायचा. दादाला वाटायचं, पोरगं फार स्वच्छ आहे.

लख्खोबाचं लग्न झालं तेव्हा बायकोही महिन्याभरात शिकली. फुटलेल्या कपाचे तुकडे कचऱ्यात टाकायचे नाहीत, कागदात गुंडाळून बाहेर कुठंतरी नेऊन टाकायचे. मुलगी शिकली, लग्न होऊन लांब गेली, आणि फोन आला की आईशी बोलायची. 'बाबा काय म्हणतात?' एवढं मात्र प्रत्येक वेळी विचारायची. लख्खोबाच्या कानावर ते पडायचं आणि त्याला बरं वाटायचं. आपल्या घरात भांडण नाही याचा त्याला अभिमान होता. शेजारच्या घरांत भांडी आपटलेली ऐकू यायची तेव्हा तो मान हलवायचा.

धाकटा मोठा होऊन पाण्याचा टँकर चालवू लागला. त्याचं लग्न झालं, तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, पण दादाच्या शब्दाबाहेर कधी नव्हता. त्याला एकच वेड होतं, उडायचं. चाळिशीला आल्यावर गावाबाहेरच्या मैदानावर जाऊन तो विमान चालवायला शिकला, परवानाही मिळवला. मग एक दिवस नकाशांची गुंडाळी बगलेत मारून दादाकडे आला. विमान घरी बांधायचं म्हणाला. बायका हसल्या. लख्खोबा हसला नाही. त्यानं टेबल पुसून कोरडं केलं, नकाशे पसरले आणि ते अख्खी दुपार वाचले. 'होईल,' म्हणाला.

पुढची काही वर्षं ही दोघांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. पंख लख्खोबाच्या मागच्या खोलीत तयार झाले आणि खिडकीची चौकट काढून बाहेर न्यावे लागले. शेपटी धाकट्याच्या पलंगाखाली होती. जुनं इंजिन आणलं, ते लख्खोबानं पार सुटं करून, धुऊन, पुन्हा जुळवलं. विमानाचं नाव धाकट्यानं ठेवलं ठमी, कारण ती पुढून जाड होती आणि हलायला वेळ घ्यायची. पण हलली. ती पहिल्यांदा जमिनीवरून उठली तेव्हा लख्खोबा धावपट्टीच्या कडेला हात मागे बांधून उभा होता. तो स्वतः कधी तिच्यात बसला नाही. उंचीचं त्याला भय वाटायचं. ते तो कबूल करत नसे, 'खालून आवाज चांगला कळतो' म्हणायचा.

ठमीला एक खोड होती. उडून आली की पोट तेलानं माखलेलं.

हे सगळ्याच जुन्या इंजिनांचं होतं. आत जळणारा वायू थोडाफार पिस्टनच्या कडेनं खाली उतरतो, तळाच्या तेलातली वाफ आणि बारीक तुषार सोबत घेतो, आणि त्याला बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते. इंजिनानं सोडलेला श्वासच तो. नळीचं तोंड विमानाच्या पोटाखाली, म्हणून तेल पोटावर. मैदानावरचे बाकीचे लोक महिन्यातून कधीतरी एक हात मारायचे. लख्खोबा प्रत्येक उड्डाणानंतर चटई टाकून ठमीखाली उताणा झोपायचा. 'दादा, विमानाला सर्दी झालीय, जाईल,' धाकटा म्हणायचा. 'सर्दीला औषध असतं,' दादा म्हणाला, आणि औषध करायला बसला.

औषध म्हणजे हवा आणि तेल वेगळं करणारा डबा, सेपरेटर. लोक त्याला तोच शब्द वापरतात. विकतही मिळतो, पण लख्खोबा विकतचा आणणाऱ्यांतला नव्हे. त्यानं पातळ पत्र्याचा उभा डबा केला, वरून इंजिनाची नळी आत आणली, मधे छिद्रांची जाळी बसवली आणि तिच्यावर भांडी घासायच्या तारेच्या घासण्या दाबून भरल्या. तेलाचे तुषार तारेला चिकटतात, थेंब होतात, आणि खालच्या नळीतून एका बाटलीत उतरतात. कोरडी झालेली हवा दुसऱ्या नळीनं पोटाखाली निघून जाते. 'माझी घासणी आता आकाशात जाणार,' त्याची बायको म्हणाली, 'मी मात्र इथंच.' त्या वेळी सगळे हसले, लख्खोबासुद्धा.

डबा बसवायच्या दिवशी मैदानावरचा म्हातारा मेकॅनिक बघायला आला. सगळे त्याला आजोबा म्हणत. त्यांनी डबा हातात घेऊन फिरवला, छान केलाय म्हणाले, आणि बाहेर जाणाऱ्या नळीवर नखानं खूण केली.

'इथं एक भोक पाड.'

'कशाला?'

'ही नळी थंडीत तोंडाशी गोठते. वाफ असते ना आत. तोंड बंद झालं की इंजिनाचा श्वास कोंडतो, आणि मग दाब जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतो. पुढचं, पंख्याच्या दांड्याभोवतीचं सील उडतं. सील उडलं की सगळं तेल काचेवर. हे भोक बॉनेटच्या आत राहतं, उबेत. ते गोठत नाही.'

लख्खोबाला पटलं. त्यानं आजोबांच्या देखत भोक पाडलं.

ठमी उडून आली. लख्खोबानं चटईवर झोपून पोटाला बोट लावलं, बोट कोरडं निघालं. धाकट्यानं त्याला उठवून मिठी मारली. मग लख्खोबानं बॉनेट उघडलं. नव्या भोकातून निघालेल्या तेलाची तांबूस साय इंजिनाच्या चौकटीवर, तारांवर, त्यानं पॉलिश केलेल्या डब्यावर बसली होती. फार नव्हती. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नसती. लख्खोबाचा चेहरा उतरला.

त्यानं काही दिवस सोसलं. दर वेळी बॉनेट उघडायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. पोटावरचा डाग काढला आणि पोटात घेतला, असं त्याला झालं. शेवटी एका दुपारी, धाकटा टँकर घेऊन गेलेला असताना, त्यानं ती नळी काढली, भोकावर चांदी वितळवून डाग दिला, कानशीनं घासला, आणि इतका गुळगुळीत केला की भोक कुठं होतं ते बोटालाही कळू नये. थंडी लांब होती. तेव्हाचं तेव्हा बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. भावाला सांगायची त्याला गरज वाटली नाही.

आता इथं मला त्याचा राग येतो, तो लपवत नाही. उभं आयुष्य ज्यानं नळ्यांवर बर्फ साचताना पाहिला, सकाळी कामावर गेल्यावर आधी हातोडीनं बर्फ पाडून मग झडपा फिरवल्या, त्याला बर्फ काय करतो हे दुसऱ्यानं सांगायला नको होतं. पण त्याच्या शीतगृहात बर्फ नळीच्या बाहेर साचायचा आणि माणूस भोकानं मरायचा. तेच त्याच्या हाडात मुरलं होतं. उन्हाळा सरला, पावसाळा गेला, ठमी आतून-बाहेरून लख्ख राहिली, आणि मैदानावर येणाऱ्या पाहुण्यांना धाकटा मुद्दाम बॉनेट उघडून दाखवायचा. बोजवारा उडायच्या आधी सगळं इतकं छान चालतं, की माणूस थंडी विसरून जातो. लख्खोबा विसरला.

थंडी त्या वर्षी एकाएकी आली. मैदानावरचं गवत सकाळी पांढरं दिसायला लागलं आणि ठमी शेडमध्ये उभी राहिली. पंधरवडाभर धाकटा काही ना काही निमित्त काढत होता. टँकरची पाळी आहे, अंग दुखतंय. लख्खोबाला इंजिनाची काळजी लागली. न चालवता ठेवलेल्या इंजिनात ओल धरते, आणि ओल धरली की गंज.

'आज एक चक्कर मारून ये,' तो एका सकाळी म्हणाला. आभाळ स्वच्छ होतं.

'दादा, आज राहू दे. गार आहे फार.'

'गार हवेत इंजिन जास्त ताकदीनं चालतं. गंज चढला तर पुन्हा मलाच खोलायचंय.'

धाकटा ठमीच्या नाकाशी उभा होता. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि तो जरा वेळ तसाच ठेवला. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग त्यानं दादाकडे पाहिलं, हात काढला, आणि कानटोपी ओढून आत जाऊन बसला. आळशी झालाय, लख्खोबाच्या मनात आलं.

ठमी उठली, वर गेली, मैदानाभोवती मोठा वळसा घेऊन टेकड्यांच्या बाजूला सरकली. लख्खोबा हात मागे बांधून आवाज ऐकत होता. आवाज बराच वेळ चांगला होता. मग त्यात एक खरखर आली, आणि ती खरखर काय सांगते आहे हे मैदानावर एकट्या त्यालाच कळलं. नळी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिचं तोंड, आणि त्याच्या वरची ती गुळगुळीत जागा. तो धावपट्टीवर धावत सुटला, कुणाला काय सांगायला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. वर आवाज बंद पडला.

ठमी मैदानाकडे वळली होती. ती जवळ आली तेव्हा तिची पुढची काच काळी होती. धाकट्यानं बाजूची खिडकी उघडून मान बाहेर काढली होती आणि तो कडेनं बघत विमान आणत होता. चांगलं आणत होता. पण कडेनं बघणाऱ्याला समोरचं अंतर कळत नाही. धावपट्टीच्या अलीकडे दगडी कुंपण होतं. ठमी त्या कुंपणावर बसली.

लख्खोबा पोचला तेव्हा धाकटा जिवंत होता. तोंड, गळा, कानटोपी, सगळं तेलानं भिजलेलं. 'दादा,' म्हणाला. पुढं ओठ हलले, पण आवाज आला नाही. रुग्णवाहिका यायच्या आधी सगळं संपलं होतं.

चौकशीला एक अधिकारी आला. शांत, समजूतदार माणूस होता. त्यानं इंजिन उलगडून पाहिलं, पुढचं सील बाहेर आलेलं दाखवलं. 'जुनं इंजिन, जुनं सील. होतं असं,' म्हणाला. नळी तपासली तेव्हा ती मोकळी होती. बर्फ काही साक्ष द्यायला थांबत नाही. नळीला भोक का नाही, असं त्यानं विचारलं नाही. घरी केलेल्या वस्तूला ते असायला हवं असं कुठं लिहिलेलं नव्हतं. आजोबाही त्या दिवशी आले. त्यांनी नळी उचलली, पाडलेलं भोक शोधलं, अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून एकदा फिरवला, आणि नळी होती तिथं ठेवून, लख्खोबाकडे न बघता, निघून गेले.

म्हणजे झाकली मूठ तशीच राहिली असती. लख्खोबानं गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणी त्याला बोललं नसतं. पण त्याला जेवण जाईना. भावजय दारातून आत-बाहेर करताना दिसली की त्याला वाटायचं, हिला आपण हे सांगितलं नाही तर आपण माणूस कसले. तिनं थुंकावं, शिव्या द्याव्यात, दार लावून घ्यावं. काहीतरी करावं.

तो गेला तेव्हा ती धाकट्याचे कपडे घडी घालून पेटीत भरत होती. तिनं खुर्ची पुढं केली. तो बसला नाही.

'नळीला भोक होतं,' तो म्हणाला. 'मी ते बुजवलं. म्हणून झालं हे. तो माझ्यामुळं गेला.'

ती शर्टाची बाही दुमडत होती. ती दुमडून झाल्यावर म्हणाली, 'माहीत आहे.'

'काय माहीत आहे?'

'भोक बुजवलंत ते. त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. घरी येऊन हसले. म्हणाले, दादाला डाग बघवला नाही.'

लख्खोबानं खुर्चीची पाठ धरली. 'मग त्यानं उघडलं का नाही?'

'उघडणार होते. दुसरी नळीसुद्धा करून ठेवली होती, भोकवाली. तुम्ही दोघं मुलीकडे जाणार होतात ना या महिन्यात? तेव्हा बदलतो म्हणाले. तोवर उडायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं.'

'मला सांगायचं.'

भावजयीनं पहिल्यांदा मान वर केली. ती रडलेली नव्हती. एवढ्या दिवसांत ती त्याच्यासमोर रडलीच नव्हती.

'दादा,' ती म्हणाली, 'तुम्हाला कोण काय सांगतं?'

'मी काय खाल्लं असतं त्याला?'

'खाल्लं नसतंत. बोलला नसतात. पन्नाशीला आलेला माणूस, पण तुम्ही बोलला नाहीत की त्यांचं जेवण सुटायचं. मला चीड यायची. पण मीही नाही सांगितलं तुम्हाला. त्या सकाळी ते निघाले तेव्हा म्हटलं, दादांना सरळ सांगा. हो म्हणाले. तिथं गेल्यावर धीर झाला नसणार.'

बॉनेटवर ठेवलेला हात लख्खोबाला आठवला. त्यानं बरंच काही बोलायचं ठरवून आणलं होतं. माफी मागायची होती. पण भावजय पुढच्या शर्टाकडे वळली. तो आपण होऊन बाहेर पडला.

घरी बायको धान्य निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

'तिनं सांगितलं मला. धाकट्याला माहीत होतं.'

बायकोचे हात थांबले.

'तुला?' त्यानं विचारलं.

तिनं ताट बाजूला सरकवलं. काही खडे फरशीवर पडले. तिनं ते उचलले नाहीत.

'मला तिनं विचारलं होतं,' ती म्हणाली. 'दादांना सांगू का म्हणून. मीच नको म्हटलं. म्हटलं, आम्ही मुलीकडे जाऊ तेव्हा गुपचूप करून टाका. कशाला उगाच घरात अबोला.'

लख्खोबानं तिच्याकडे पाहिलं. काही बोलायला हवं होतं, निदान या वेळी तरी. ती वाट बघत होती. आयुष्यभर बघितली तशी, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्याला एवढंच म्हणायचं होतं, तुझी चूक नाही. त्यानं दोनदा तोंड उघडलं. पण कसं बोलायचं ते त्याला येत नव्हतं, आणि शेवटी तीच उठून आत गेली.